परब मिस्त्रींचा पाईप

परब मिस्त्रींबद्दल कुणी गोड बोलायला लागलं की मी समजते, ह्या माणसाने त्यांच्याबरोबर एक दिवसही काम केलेलं नाही. ज्यांनी केलंय ते आधी इकडेतिकडे बघतात आणि मग म्हणतात, "मिस्त्री कारागीर होते, पण..." त्या 'पण'च्या पुढे जायला कुणाची जीभ रेटत नाही. माझी रेटते. त्यांच्या स्टुलासमोर टेबल टाकून मी बरीच वर्षं काढली आहेत.

आमचं गॅरेज गोरेगाव पूर्वेला, स्टुडिओच्या रस्त्यावर. इथे नवीन गाडी येत नाही. शेठकडे जुन्या गाड्यांचा ताफा आहे. शूटिंगवाल्यांना चाळीस वर्षांपूर्वीची मुंबई दाखवायची असली की ते आमच्या दारात येतात. शिवाय हौशी लोकांच्या जुन्या गाड्या दुरुस्तीला असतात. मी ऑफिस बघते, म्हणजे फोन, बुकिंग, पार्ट शोधणं आणि सगळ्यांच्या शिव्या खाणं. हिरो गाडीत बसला, कॅमेरा सुरू झाला आणि गाडीने आचके देऊन मान टाकली, तर फोन मलाच येतो ना!

आणि कितीदा तरी हे आचके निघतात एका बोटभर पितळी तुकड्यातून. आम्ही त्याला टेम्परेचरचा वॉल्व म्हणतो. इंजिनात गरम पाणी जिथून फिरतं तिथे तो आट्यांवर बसवलेला असतो, आणि वर त्याला दोन नळ्या असतात. इंजिन चालताना हवा ओढतं. ती ओढ म्हणजे व्हॅक्यूम, आणि ती पुढे कधी जाऊ द्यायची हे हा वॉल्व ठरवतो. गार असताना बंद, तापला की उघडा. एवढंच काम. पण गार असताना गळला, किंवा तापूनही उघडला नाही, तर गाडीची वाट लागली. नवे वॉल्व आता मिळत नाहीत. भंगारातून जुने आणायचे, साफ करायचे, आतलं रबर बदलायचं आणि मग तपासायचे.

तपासायचं काम परब मिस्त्रींचं. दुसऱ्या कुणाचं नाही.

त्यासाठी त्यांच्याकडे एक चहाचं जुनं पातेलं होतं, एक शेगडी, एक थर्मामीटर आणि एक रबरी पाईप. वॉल्व तारेला बांधून त्याचं खालचं टोक पाण्यात सोडायचे, नळ्या वर. पाईप एका नळीला लावायचे, दुसरं टोक तोंडात धरायचे आणि हवा ओढायचे. पाणी गार असताना पाईप जिभेला चिकटून बसला की वॉल्व धरतोय. मग शेगडी पेटवायची. पाणी तापत जायचं, मिस्त्री डोळे मिटून बसायचे, आणि योग्य वेळी पाईप जिभेवरून सुटला, आरपार हवा आली, की ते डोळे न उघडता म्हणायचे, "पास." नाहीतर "बाद." बाद झालेला वॉल्व समोरच्या ड्रममध्ये पडायचा. तिसरा शब्द नाही. त्यांनी पास केलेली गाडी शूटिंगवर कधी अडली नाही हे मी शपथेवर सांगते. माणूस कितीही नासका असो, त्याच्या कामाला नासकं म्हणायचं पाप मी करणार नाही.

तो पाईप त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचा. शर्ट पांढरा, इस्त्रीचा, गॅरेजमध्ये दिवसभर बसूनही डाग नाही, आणि खिशातून वर आलेलं पाईपचं काळं टोक. लोक पेन लावतात तसं. बँकेत जातानाही तो खिशातच. एकदा शेठच्या मुलीच्या लग्नात सफारी घालून आले तर त्याच्याही खिशात. मी म्हटलं, "मिस्त्री, इथे कुणाला तपासणार?" तर मंडपाकडे हनुवटी करून म्हणाले, "नवऱ्याक."

मिस्त्री मालवणकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी गेली तसे हे मोटारीत शिरले. राहायला जोगेश्वरीला. मुंबईत सगळा जन्म गेला तरी आमच्यासारख्या कोकणातल्यांशी मालवणी आणि बाकीच्यांशी बंबैया. रविवारी वर्सोव्याला जाऊन सुके बोंबील आणायचे आणि सोमवारी मला विचारायचे, "तुझो घोव काय आणता गो बाजारातसून? भेंडी?" माझा नवरा माशाला हात लावत नाही, हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. त्यानंतर त्यांनी तो विषय मरू दिला नाही.

माणसाचं दुखरं कुठे आहे ते ह्या म्हाताऱ्याला वासावरून कळायचं. तिथे बोट ठेवायचं आणि दाबत राहायचं. का? तर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "थंडात सगळेच शाणे. तापल्यावर समाजता कोण कसो तो."

माझीही तपासणी झाली. मी नवीन लागले तेव्हा पहिला प्रश्न नाव नव्हे, आडनाव. "सावंत," मी म्हटलं. "खंयचे?" "कुडाळ." "मगे आमचीच." एवढं झाल्यावर मला वाटलं, चला, आपला माणूस मिळाला. कसलं काय! दुसऱ्या दिवसापासून मला चहा आणायला पाठवायला लागले. मी फोनवर असले तरी टेबलावर कप आपटायचे. पार्टवाला समोर बसलेला असला तर मुद्दाम म्हणायचे, "ही आमची चायवाली, बरो करता चाय." चार दिवस मी दात-ओठ खाल्ले. पाचव्या दिवशी कप उचलला आणि त्यांच्या पातेल्यात टाकला, वॉल्व, थर्मामीटर सगळं असताना. म्हटलं, "घ्या, उकळा!" आख्खं गॅरेज थांबलं. मिस्त्री पातेल्यात बघत राहिले, मग हसले आणि शेठना ओरडून म्हणाले, "हिका ठेवा. तापता बरोबर."

लोक हा किस्सा ऐकून हसतात. मीही सांगताना हसते. पण त्या चार रात्री मी घरी जाऊन रडले होते, ते कुणी विचारत नाही.

मध्ये एकदा शेठनी हाताने दाबायचा व्हॅक्यूम पंप आणला. त्याला काटा होता. दाबलं की काटा चढतो, वॉल्व धरत असला तर काटा तिथेच थांबतो, गळत असला तर खाली येतो. तोंड लावायची भानगडच नको. शेठ कौतुकाने म्हणाले, "परब, अब मुँह को आराम दो." मिस्त्रींनी पंप उलटसुलट करून पाहिला, भिंतीवर खिळा ठोकला आणि त्याला टांगून ठेवला. दुपारी कुठल्यातरी शूटिंगवरून गाडी आली, तिच्या बॉनेटवर झेंडूचा हार होता. मिस्त्रींनी तो काढून पंपाला घातला आणि खाली उदबत्ती लावली. "गेलो बिचारो," म्हणाले, "कामाक येवच्या आधीच वारलो." शेठसकट सगळे हसले. हार सुकला, पंप तिथेच राहिला.

मग जाधव आला.

विलास जाधव. चाळिशी ओलांडलेला, घाटकोपरहून यायचा, घराणं मूळचं जालन्याकडचं. ज्या गॅरेजमध्ये होता ते मालकाने विकलं म्हणून आमच्याकडे आला. बोलायला कमी, पण हात असा की बघत राहावं. भंगारातला हिरवा पडलेला वॉल्व त्याच्याकडे द्यावा आणि दुसऱ्या दिवशी पितळ चमकताना बघावं. मिस्त्रींनी आडनाव विचारलं. तो म्हणाला, "जाधव." मिस्त्री खूश. "घाटावरचे काय? असूंदे, असूंदे. आमच्यातलेच." आणि खरंच, जाधवला त्यांनी जवळ केलं. डबा एकत्र. बोंबलाची चटणी त्याच्या ताटात आधी. आणि जे मी कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. मिस्त्रींनी एक दिवस स्वतःच्या तोंडातला पाईप काढला, शर्टाला पुसला आणि जाधवसमोर धरला. "बघ रे, तुझ्या जिभेक काय वाटता." जाधवने ओढून बघितलं, म्हणाला, "धरतोय, पण जरा उशिरा सुटेल." तसाच सुटला. त्यानंतर दोघं आळीपाळीने तोंड लावायचे. मला तर वाटलं, म्हातारा निवला.

मग एका दुपारी जेवताना जाधवचा फोन वाजला. हात खरकटा होता म्हणून त्याने स्पीकरवर टाकला. पलीकडून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "जय भीम, भाऊ!" जाधवही म्हणाला, "जय भीम, मामा. जेवतोय, नंतर करतो."

बास. एवढंच झालं.

मिस्त्रींचा घास हातात राहिला. डबा अर्धा टाकून उठले. जेवण झाल्यावर नेहमीसारखा वॉल्व पाण्यात सोडला. खिशातून पाईप काढला. आणि मग ब्लेड घेतलं, जाधव तीन हातांवर उभा असताना, त्याच्या डोळ्यांदेखत, पाईपचं तोंडात धरायचं टोक दोन बोटं कापलं. तुकडा ड्रममध्ये टाकला. उरलेला पाईप तोंडात धरला आणि डोळे मिटून ओढायला लागले.

जाधव बघत राहिला. त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही. राग नव्हता हो त्यात. त्याने आतापर्यंत बहुतेक हे इतक्यांदा पाहिलं असेल की रागाची जागाच गुळगुळीत झालेली. तो वळला आणि आपल्या बाकड्यावर जाऊन कामाला लागला.

माझं डोकं फिरलं. मी टेबलावरून उठून गेले. "मिस्त्री, काय केलंत हे?"

"काय केलंय?"

"पाईप का कापलात?"

"टोकाक चिरललो."

"चिरलेला नव्हता. मी सकाळीच बघितला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "सुवर्णा, तू आपल्यातली असान असा विचारतंस?"

मी तिथल्या तिथे सांगितलं की मी तुमच्यातली नाही, आणि ह्यापुढे माझ्या डब्यातलं काही मागू नका. शेठकडेही गेले. शेठ म्हणाले, "अरे सुवर्णा, बुढ्ढा आदमी आहे. जाधव काही बोलला का? नाही ना? मग?" ह्या 'मग?'वर आमचा देश चालतो.

त्या दिवसापासून मिस्त्रींनी जाधवला नावाने हाक मारली नाही. शिट्टी मारायचे. मिस्त्रींची शिट्टी भयंकर होती, दोन ओठांत दाबून अशी काढायचे की रस्त्यावरची कुत्री उभी राहायची. एक शिट्टी म्हणजे वॉल्व आण. दोन म्हणजे घेऊन जा. आणि प्रत्येक वॉल्वच्या नळ्या त्यांच्यासमोर पेट्रोलने धुवायला लावायचे, मगच स्वतःचा पाईप लावायचे. जाधव धुवायचा. पण पास तो पास, बाद तो बाद, ह्यात मात्र त्यांनी काडीची लबाडी केली नाही. जाधवचा हात चांगलाच होता, त्यामुळे पास जास्त. मला वाटतं, मिस्त्रींना त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

मग मागच्या थंडीत मिस्त्रींच्या तोंडावरून वारं गेलं. सकाळी उठून चूळ भरायला गेले तर पाणी आत राहीना. डावी बाजू लोंबलेली, डोळा मिटेना. बरेच दिवस आले नाहीत. आले ते मास्क लावून. विचारलं तर म्हणाले, "बरो झालंय. ह्यो धुळीसाठी." हातपाय ठीक, बोलणं जरा जड. स्टुलावर बसले. पण स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड केलं होतं. मास्क खाली करायचा, पाईप तोंडात, हवा ओढायची, मास्क वर.

"बाद."

पहिल्या दिवशी बाद. दुसऱ्या दिवशी बाद. ड्रममध्ये वॉल्व पडल्याचा आवाज दिवसभर माझ्या टेबलापर्यंत यायचा. गार पाण्यातच बाद, तापवेपर्यंत मजलच जात नव्हती. जाधव वॉल्व परत खोलायचा, रबर परत बदलायचा, परत न्यायचा. बाद. शिट्टी मात्र नव्हती. आता मिस्त्री स्टुलावर पाना ठोकून त्याला बोलवायचे.

आणि नेमकं त्याच वेळी मोठं काम आलेलं. वेब सिरीज, सगळी जुन्या काळातली, गाड्यांची रांगच लागणार. शेठ रोज येऊन विचारायचे आणि मिस्त्री रोज भिंतीकडे बघत सांगायचे, "तेचो हात गेलो, शेठ. आता तेच्याकडसून होणा नाय." शेवटी शेठ जाधवला म्हणाले, माझ्या टेबलासमोर उभे राहून, "जाधव, खराब नको वाटून घेऊ. शूटिंगच्या आधी वॉल्व पास झाले तर झाले. नाही तर दुसरा माणूस बघावा लागेल. तू पण दुसरं बघ."

दुसरं कुठे बघणार तो? कार्ब्युरेटरची कामं करणारी गॅरेजं उरलीत किती? नव्या गॅरेजमध्ये कॉम्प्युटर लावून गाडी तपासणारी पोरं उभी असतात. ह्या वयात जाधवने तिथे जाऊन काय झाडू मारायचा? आणि 'हात गेलेला मिस्त्री' हे एकदा पसरलं की दारातूनच परत पाठवतात. जाधवजवळ त्याच्या हाताशिवाय काही नव्हतं, आणि तेच भिंतीकडे तोंड करून बसलेला एक माणूस रोज थोडं थोडं ड्रममध्ये टाकत होता.

खरी गोष्ट मला चहाने सांगितली. मिस्त्री बशीतून चहा प्यायचे. त्या दिवशी मी काहीतरी विचारायला मागून गेले तर मास्क खाली, बशी तोंडाला, आणि डाव्या कोपऱ्यातून चहाची धार गळून शर्टावर. त्या पांढऱ्या शर्टावर! मी पाहिलं ते त्यांना कळलं. बशी खाली ठेवून त्यांनी मास्क ओढला आणि म्हणाले, "काय व्हया?"

मी धावत जाधवकडे गेले. "विलास, त्यांचं तोंड धरत नाहीये रे! ओठ मिटत नाही डावीकडे. हवा त्यांच्या तोंडातूनच आत जाते. वॉल्व गळत नाहीत, म्हातारा गळतोय!"

जाधव रबर घासत होता, मान वर केली नाही. "माहितीये."

"माहितीये? कधीपासून?"

"शिट्टी बंद झाली तेव्हापासून."

"मग शेठना सांग ना! तोंडात काय मूग गिळलेत?"

"मी सांगितलं तर ऐकतील?" मग जरा थांबून म्हणाला, "ड्रममधले सगळे वॉल्व मी काढलेत. तो हारवाला पंप लावून बघितले. सगळे पास आहेत. पण मी म्हटलं काय आणि पंपाने म्हटलं काय, इथे पास कोण म्हणतं? मिस्त्री. मग त्यांनाच सांगू दे."

तेव्हा मला त्याचं बोलणं कळलं नाही. मिस्त्रींना स्वतःचं कळलं होतं का, हा प्रश्न लोक मला विचारतात. अहो, ज्या माणसाने सगळा जन्म जिभेवर हवा तोलली त्याला आपल्याच तोंडातली गळती कळणार नाही? सुरुवातीला नसेल कळली. नंतर कळलीच असणार. पण माझं तोंड गेलं म्हणण्यापेक्षा त्याचा हात गेला म्हणणं सोपं होतं, आणि तो कोण, तर जाधव. शेजारी दुसरा कुणी असता तर कदाचित बोलले असते. हे माझं मत आहे, आणि मी ते बदलणार नाही.

शूटिंगच्या आदल्या सकाळी शेठ आले. सगळे जमले होते, मी, रंगारी अन्वरभाई, गाड्या धुणारे. जाधवने एक वॉल्व आणला, पेट्रोलने नळ्या धुतल्या आणि मिस्त्रींच्या हातात दिला. मिस्त्रींनी पाण्यात सोडला, पाईप लावला, भिंतीकडे वळून ओढलं.

"बाद. गळता."

"नक्की, मिस्त्री?" जाधवने विचारलं. "परत एकदा बघा."

"एकदा सांगितलंय मा? गळता म्हणजे गळता!"

जाधवने वॉल्व पाण्यातून काढला आणि शेठच्या हातात दिला. "शेठ, ह्याच्या दोन्ही नळ्या बघा. आत मी कथील ओतून बंद केलंय. सुई जाणार नाही. हवा कुठून गळणार?"

शेठनी नळ्या उजेडाकडे धरल्या. अन्वरभाईने वाकून पाहिलं.

मिस्त्री उठले आणि तापले. आयुष्यभर दुसऱ्यांना तापवलं, आता स्वतः तापले. काय काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही. आडनावावरून गेले, जातीवरून गेले, "तुमका आत घेवकच नको होता" इथपर्यंत गेले. बोलता बोलता मास्क हनुवटीवर आला. शब्द एका बाजूने आणि लाळ दुसऱ्या बाजूने.

जाधवने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मिस्त्री, एक शिट्टी मारा ना. बरेच दिवस हाक नाही मारलीत मला."

मिस्त्रींचा हात मास्ककडे गेला.

"मारा ना," जाधव म्हणाला. "एकच."

ह्याला नाही म्हणून आत जाता आलं असतं. पण तो माणूस हरणाऱ्यातला नव्हता. त्यांनी ओठ जुळवले. उजवी बाजू वर आली, डावी तशीच लोंबत राहिली. फुस्स. परत जुळवले. परत फुस्स. तिसऱ्यांदा डाव्या गालाला हात लावून बघितलं. गाड्या धुणाऱ्यांपैकी एक जण हसला. मग दुसरा. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. शेठच म्हणाले, "बस करो यार." मिस्त्री स्टुलावर बसले.

शेठ धंद्याचा माणूस. जाधवचे सगळे वॉल्व त्या दिवशी गाड्यांना बसले, गाड्या शूटिंगवर गेल्या, एकही अडली नाही. जाधवची नोकरी राहिली. पण हौशी गिऱ्हाईकं 'परब मिस्त्रींनी पास केलंय ना?' विचारूनच येतात, म्हणून शेठनी स्टूल काढलं नाही. मिस्त्रींना म्हणाले, "तुम बैठो. देखो. बोलो पास. ओढायचं काम जाधव करेल."

मला वाटलं, आता काही येत नाहीत. दुसऱ्या दिवशी आले. शर्ट धुतलेला, इस्त्री कडक, खिशातून पाईपचं टोक वर. स्टूल भिंतीकडून परत पुढे फिरवलं. पातेल्यात पाणी घेतलं, वॉल्व तारेला बांधला, सोडला. मग पाईप लावला आणि दोन बोटांनी डावा ओठ चिमटीत धरून ओढून बघितलं. चिमटीतूनही हवा जात होती. फस फस आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता. गॅरेजमध्ये कुणी वर बघत नव्हतं, सगळ्यांना एकदम काम आठवलं होतं.

त्यांनी पाईप तोंडातून काढला, शर्टाला पुसला आणि हात लांब केला. वर न बघता.

"जाधव," म्हणाले. "बघ रे तू."

जाधव आला. त्याने पाईप घेतला. क्षणभर तो नुसता हातात धरून उभा राहिला आणि मला वाटलं, झालं गेलं, आता हा ओढेल. जाधवने बाकड्यावरून ब्लेड उचललं. पाईपचं तोंडात धरायचं टोक, दोन बोटं, कापलं. तुकडा ड्रममध्ये टाकला. मग उरलेला पाईप तोंडात धरला आणि डोळे मिटले.

"धरतोय," म्हणाला.

मिस्त्रींनी शेगडी पेटवली. पाणी तापेपर्यंत दोघं समोरासमोर होते, मधे पातेलं. थर्मामीटर मिस्त्रींच्या हातात होता.

"सुटला. पास," जाधव म्हणाला आणि पाईप परत दिला.

मिस्त्रींनी कापलेलं टोक बोटाने चाचपलं. "चिरललो काय रे?" त्यांनी विचारलं.

"नाही, मिस्त्री," जाधव म्हणाला. "अख्खा होता."

मिस्त्रींनी मान हलवली. पाईप खिशात ठेवला. तो आता इतका आखूड झाला होता की खिशातून वर दिसत नव्हता. त्यांनी दोनदा बोट घालून तो वर काढायचा प्रयत्न केला, तो परत खाली गेला. मग शेगडी बंद केली, पातेलं धुवून पालथं घातलं आणि फाटकाबाहेर पडले. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.